सियालदह ते कॅनिंग : शेअरबाजारातील काही शब्दांची कहाणी

कोलकात्याला जाणारा मराठी प्रवासी बहुधा हावड्याला उतरतो. मुंबईहून आणि नागपूरहून येणाऱ्या पुष्कळ गाड्या तेथवरच जातात. त्यामुळे हुगळीच्या पलीकडे, ऐन शहरात असलेल्या सियालदहच्या स्थानकाशी त्याचा परिचय बेताचाच असतो. बंगाली माणसाच्या मनात मात्र या स्थानकाला फार मोठी जागा आहे. दार्जिलिंगकडे निघालेले हौशी प्रवासी, उपनगरांतून रोज कामावर येणारे चाकरमाने आणि फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली, याच फलाटांवर पथारी पसरून राहिलेली निर्वासित कुटुंबे या सर्वांच्या आठवणी त्याच्याशी निगडित आहेत. या भाषणात मी सियालदहची आठवण करणार आहे ती थोड्या निराळ्या कारणासाठी. ज्या काळी आपल्या देशात शेअर, डिबेंचर, डिव्हिडंड हे शब्द नवे होते, त्या काळी या एका परिसराशी संबंध असलेल्या तीन कंपन्यांत लोकांनी आपला पैसा गुंतवला. तिन्ही कंपन्या जवळजवळ एकाच काळातल्या. पण त्यांच्या भागधारकांच्या वाट्याला आलेली फळे मात्र तीन तऱ्हेची होती. आणि त्यांतील तिसऱ्या कंपनीत मुंबईकरांचा पैसा फार मोठ्या प्रमाणावर होता.

आज आपल्याकडे लहान लहान गावांतील तरुण मुले आणि निवृत्त मंडळीही शेअरबाजारात पैसा घालू लागली आहेत. बाजाराची परिभाषा त्यांना पाठ असते; परंतु त्या परिभाषेतील प्रत्येक शब्द नुकसान झाल्यास ते कोणी सोसायचे हे ठरवणारा शब्द आहे, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही. सियालदहची ही जुनी हकिकत ती ध्यानात आणून देते, म्हणून ती सांगण्याजोगी वाटते.

प्रथम कंपनी म्हणजे काय ते पाहू. एखादे मोठे काम एका धनिकाच्या आवाक्याबाहेरचे असते, तेव्हा त्याला लागणाऱ्या रकमेचे सारखे सारखे भाग पाडून ते अनेकांना विकतात. या भागाला शेअर आणि तो घेणाऱ्याला भागधारक म्हणतात. भागधारक हा कंपनीचा सावकार नसून अंशतः मालक असतो. जुन्या पद्धतीच्या भागीदारीत धंदा बुडाला तर भागीदाराच्या घरादारावरही टाच येत असे. हिंदुस्थानात 1857 च्या एकोणिसाव्या कायद्याने बँकांखेरीज इतर कंपन्यांना मर्यादित जबाबदारीची सवलत मिळाली, आणि 1860 मध्ये ती बँकांनाही लागू झाली. मर्यादित जबाबदारी याचा अर्थ असा की, भागावर जेवढी रक्कम देण्याचे भागधारकाने कबूल केले असेल, तेवढ्यापुरताच तो बांधलेला असतो. कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ हा शब्द आपण सहज वाचून जातो. त्या एका शब्दाने घराच्या उंबरठ्याबाहेर जोखमीला थांबवून धरले. मात्र थांबवलेली जोखीम नाहीशी होत नाही. भागधारकाने जे सोसायचे नाही, ते कंपनीला उधार देणाऱ्यांना सोसावे लागते.

आता सियालदहकडे वळू. येथून निघणाऱ्या पहिल्या मोठ्या लोहमार्गाचे नाव ईस्टर्न बेंगाल रेल्वे. ही कंपनी 1857 मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. 1862 च्या सप्टेंबरमध्ये सियालदह ते राणाघाट आणि नोव्हेंबरमध्ये थेट कुष्टियापर्यंत, म्हणजे आज बांगलादेशात असलेल्या गावापर्यंत, तिची गाडी धावू लागली. पूर्व बंगालच्या नद्यांवरून येणारा ताग आणि इतर माल या मार्गाने कलकत्त्यास येऊ लागला. प्रारंभी सियालदहला साधी तात्पुरती शेड होती. पक्के स्थानक 1869 मध्ये उभे राहिले.

या कंपनीचे भाग प्रामुख्याने इंग्लंडमध्ये विकले गेले. भागावर छापलेल्या रकमेला दर्शनी किंमत म्हणतात. त्या काळी ही संपूर्ण रक्कम एकदम भरावी लागत नसे. समजा, शंभर रुपयांचा भाग आहे आणि अर्जासोबत पंचवीस रुपये भरले. मग भागाची दर्शनी किंमत शंभर, भरणा झालेली रक्कम पंचवीस आणि उरलेले पंचाहत्तर रुपये भागधारकाच्या डोक्यावर देणे. काम जसजसे पुढे जाई, तसतशी कंपनी उरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने मागवी. या मागणीला ‘कॉल’ असे नाव आहे. कॉल आला आणि रक्कम भरता आली नाही, तर भाग जप्त होई. पंचवीस रुपयांत शंभराचा मालक झालो, असे ज्याला वाटे, त्याने वास्तविक पंचाहत्तर रुपयांचे कर्ज अंगावर घेतलेले असे. ही गोष्ट पुढे मुंबईच्या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली.

लंडनमधल्या एखाद्या सामान्य माणसाने आपली शिल्लक पुंजी त्याने कधीही न पाहिलेल्या बंगालच्या दलदलीत का घालावी? याचे उत्तर ‘हमी’ या शब्दात आहे. हिंदुस्थानातील पहिल्या रेल्वे कंपन्यांशी 1849 पासून जे करार झाले, त्यांत भरणा झालेल्या भांडवलावर दरसाल शेकडा पाच व्याज देण्याची हमी सरकारने घेतली होती. नाना शंकरशेट यांचा जिच्या उभारणीत वाटा होता, ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेदेखील अशाच हमीवर उभी राहिली. ईस्टर्न बेंगाल रेल्वेलाही ही हमी मिळाली. कंपनीला झालेल्या नफ्यातून भागधारकांना जे वाटले जाते तो लाभांश, म्हणजे डिव्हिडंड. नफा झाला नाही तर लाभांश नाही, हा त्याचा मूळ स्वभाव. हमीच्या करारांनी हा स्वभावच पालटून टाकला. रेल्वेने शेकडा दोन मिळवले तर उरलेले तीन सरकारी तिजोरीतून येत; काहीच मिळवले नाही तर पाचही तेथूनच येत. सरकारी तिजोरीतून याचा अर्थ येथील शेतसाऱ्यातून, मिठावरील करातून. लंडनच्या भागधारकाची जोखीम नाहीशी झाली होती असे म्हणता येणार नाही. ज्याने कंपनीचे नावही ऐकले नव्हते, अशा येथल्या रयतेच्या अंगावर ती घातली गेली होती. सरकारी कागदपत्रांत वावरणाऱ्या माणसाला हिशेबातील प्रत्येक रक्कम शेवटी कोणत्या खात्यावर पडली, हे पाहण्याची सवय लागलेली असते. त्या सवयीने पाहिले तर ‘खात्रीचे पाच टक्के’ या शब्दांमागे एक फार मोठा, बिनचेहऱ्याचा जामीनदार उभा दिसतो.

दुसरी कंपनी म्हणजे कलकत्ता अँड साउथ ईस्टर्न रेल्वे. तिचा मार्ग सियालदहच्या अगदी लगत असलेल्या बेलियाघाटाहून निघून दक्षिणेस कॅनिंगपर्यंत, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर जात असे. चंपाहाटीपर्यंतचा भाग 1862 मध्ये आणि कॅनिंगपर्यंतचा 1863 मध्ये खुला झाला. या कंपनीलाही शेकडा पाचाची हमी होती. परंतु हा मार्ग जेथे जात होता ते कॅनिंग म्हणजे नेमके काय होते? त्या वेळी तेथे फारसे काहीच नव्हते. तेथे एक महानगर होणार आहे अशी केवळ आशा होती.

त्या आशेचे मूळ हुगळी नदीत होते. हुगळी गाळाने भरत चालली आहे आणि एके दिवशी मोठी जहाजे कलकत्त्यापर्यंत येऊ शकणार नाहीत, अशी भीती तेथील व्यापाऱ्यांना वाटू लागली. 1853 मध्ये बेंगाल चेंबर ऑफ कॉमर्सने सरकारला कळवले की, सुंदरबनातील मातला नदीवर दुसरे बंदर बांधावे आणि ते कलकत्त्याला रेल्वेने किंवा कालव्याने जोडावे. सरकारने त्या जागेवरची जंगलजमीन विकत घेतली. पुढे गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांचे नाव या नव्या बंदराला मिळाले. मातलाचे पात्र खोल आणि रुंद होते, एवढे खरे. परंतु बंगालीत ‘माताल’ म्हणजे झिंगलेला. या शब्दाशी जवळीक असलेले नाव नदीला काठच्या लोकांनी उगीच दिले नसावे.

लोकांच्या या अनुभवाला शास्त्राचाही दुजोरा मिळाला होता. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचे एक विद्वान राहत. चक्रीवादळांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. आज जगभर रूढ असलेला ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनीच 1848 मध्ये प्रचारात आणला. नव्या बंदराची योजना ऐकून 1853 मध्येच त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना जाहीर पत्र लिहिले आणि बजावले की, या जागी वादळाबरोबर समुद्राच्या पाण्याची प्रचंड लाट येऊन सगळी वसाहत धुऊन नेईल, याची तयारी ठेवूनच येथे पाऊल टाकावे. पिडिंग्टन 1858 मध्ये वारले. पत्र दप्तरात राहिले आणि बंदराचे काम पुढे चालू राहिले.

कॅनिंगला नगरपालिका स्थापन झाली. घाट, धक्के, रस्ते बांधायचे तर पैसा हवा. म्हणून तिने कर्जरोखे काढले. कर्जरोखा, म्हणजे डिबेंचर, हा शेअरहून अगदी वेगळा कागद आहे. तो घेणारा मालक होत नाही, तो सावकार असतो. त्याला ठरलेले व्याज आणि मुदतीअखेर मुद्दल मिळायचे. धंद्याची भरभराट झाली तरी जास्त नाही, आणि धंदा बसला तरी त्याचा हक्क मालकांच्या आधी. नगरपालिकेच्या या रोख्यांना लोकांकडून अगदी अल्प प्रतिसाद मिळाला. तेव्हा फर्डिनंड शिलर हे कलकत्त्याचे एक बडे व्यापारी पुढे झाले. ते नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. त्यांनी सुचवले की, एक कंपनी काढावी, तिने नगरपालिकेचे रोखे घ्यावेत आणि मोबदल्यात जमिनी, ट्रामचे रूळ टाकण्याचा आणि धक्के बांधण्याचा हक्क कंपनीस मिळावा. अशा रीतीने 1864-65 मध्ये ‘पोर्ट कॅनिंग लँड इन्व्हेस्टमेंट, रिक्लेमेशन अँड डॉक कंपनी’ उभी राहिली. हीच आपल्या कहाणीतली तिसरी कंपनी.

कंपनी काढण्यात पुढाकार घेणाऱ्याला प्रवर्तक म्हणतात, आणि कंपनी काय करणार, पैसा कोठे खर्च होणार, हे सांगणाऱ्या पत्रकाला माहितीपत्रक किंवा प्रॉस्पेक्टस. या प्रकरणात प्रवर्तक आणि हक्क देणाऱ्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष ही एकच व्यक्ती होती, ही गोष्ट आजच्या वाचकाच्या डोळ्यांत भरते. त्या वेळी तिकडे कोणी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. ज्या कॅनिंगचे व्याजाचे रोखे लोकांनी नाकारले, त्याच कॅनिंगचे शेअर घेण्यासाठी झुंबड उडाली. रोख्यात व्याजाचा आकडा छापलेला होता; शेअरमध्ये काहीच छापलेले नव्हते, म्हणून त्यात काहीही कल्पिता येत होते.

ही झुंबड कलकत्त्यापेक्षाही मुंबईत अधिक होती. तिचे कारण हजारो मैल दूर, अमेरिकेत होते. 1861 मध्ये तेथे यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग त्यांनी खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात यांच्या कापसाकडे धाव घेतली. भाव अनेक पटींनी चढले आणि मुंबईत चांदीचा पूर लोटला. या पैशाला गुंतण्यासाठी जागा हवी होती. बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतील बॅकबे रेक्लमेशन कंपनी सर्वांत गाजली. पाच हजार रुपये भरणा झालेला तिचा भाग तेजीच्या शिखरावर पन्नास हजारांच्या घरात गेला होता. कॅनिंगलाही चिखल हटवून जमीन काढायची होती, धक्के बांधायचे होते. मुंबईकरांच्या दृष्टीने ती दूरची बॅकबेच होती, आणि तिचे भाग त्यांनी हातोहात उचलले.

दर्शनी किमतीहून बाजारभाव जेवढा जास्त, तेवढे त्या भागाचे अधिमूल्य. व्यवहारात त्याला प्रीमियम म्हणतात. भाव खाली असला तर जो तोटा दिसतो त्याला बट्टा म्हणतात. दर्शनी किंमत कंपनी ठरवते. बाजारभाव ठरवणारे असतात घेणारे आणि विकणारे. कंपनीच्या कामात काडीचाही फरक न पडता भाव दुप्पट होऊ शकतो, कारण त्या क्षणी भाव लोकांच्या अपेक्षेचा असतो. भाव वाढेल या भरवशावर घेणारा तो तेजीवाला, आणि पडेल या अंदाजाने हाती नसलेला मालही विकणारा तो मंदीवाला. दोघांच्या मधला दलाल कोणाच्याच अंदाजावर जगत नाही. भाव चढो की उतरो, सौदा झाला की त्याची दलाली त्याला मिळते. म्हणूनच सौदे वाढवण्यात त्याचे हित असते, हे नवख्याने ध्यानात ठेवावे.

मुंबईच्या त्या तेजीत दोन गोष्टींनी आगीत तेल ओतले. पहिली वायद्याचे सौदे. आज भाव ठरवायचा, पण पैसे आणि भाग यांची देवघेव पुढच्या एका दिवशी करायची, असा हा करार असतो. खिशात दमडी नसताना लाखाचा सौदा त्यामुळे करता येतो. मुदतीच्या दिवशी भाव चढलेला असला तर फरक पदरात पडतो, उतरलेला असला तर फरक भरावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे भागांच्या तारणावर कर्ज. 1863 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरची जुनी बंधने सैल झाली आणि कंपन्यांच्या भागांवर ती सढळ हाताने कर्ज देऊ लागली. भाग गहाण टाकून कर्ज काढायचे, त्या कर्जातून आणखी भाग घ्यायचे, ते पुन्हा गहाण टाकायचे. अशा मनोऱ्याचा प्रत्येक मजला खालच्या मजल्याच्या भावावर उभा असतो. प्रेमचंद रायचंद हे या काळातील मुंबईच्या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते, आणि बँकेच्या कारभारावरही त्यांचा मोठा प्रभाव होता.

1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले आणि त्याबरोबर भागांचेही. 1 जुलै 1865 हा शेकडो वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी ज्यांनी घेणे कबूल केले होते त्यांच्याजवळ पैसा नव्हता, आणि ज्यांना मिळायचा होता त्यांनी तो आधीच दुसऱ्याला देण्याचे कबूल केलेले होते. एक पडला की दुसरा पडे. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग 2850 रुपयांपर्यंत गेला होता, तो 87 रुपयांना विकावा लागला अशी नोंद आहे. ती बँक 1868 मध्ये बंद झाली. राणीच्या बागेतील ज्या वस्तुसंग्रहालयाला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, त्याची पायाभरणी 1862 मध्ये झाली होती. या पडझडीत त्याचे काम रखडले आणि ते 1872 मध्ये लोकांसाठी खुले झाले. सट्टा न खेळणाऱ्यांनाही सट्ट्याची किंमत मोजावी लागते, ती अशी.

याच काळात भागांवरील कॉलही येऊ लागले. भाव पडलेल्या भागावर आणखी पैसे भरण्याची मागणी यावी, आणि मर्यादित जबाबदारीची मर्यादा किती दूरवर आखलेली होती हे तेव्हा कळावे, असा अनुभव अनेकांनी घेतला.

मुंबईत कागद कोसळत होते; कॅनिंगला मात्र अद्याप काम चालू होते. कंपनीने धक्के बांधले, भात सडण्याची गिरणी उभारली, ट्रामचे रूळ टाकले. 1865-66 च्या सुमारास जहाजांची वर्दळही जरा वाढली. पण हुगळीवर बाष्पनौकांची ये-जा वाढत गेली, वाटाड्यांची व्यवस्था सुधारली आणि कलकत्त्याचे बंदर काही बंद पडले नाही. ज्या भीतीवर कॅनिंग उभे होते ती भीतीच खरी ठरली नाही. त्यानंतर 1 नोव्हेंबर 1867 रोजी चक्रीवादळ आले. पिडिंग्टनांनी चौदा वर्षांपूर्वी सांगितल्याप्रमाणे मातलाचे पाणी लाटेने शहरात शिरले आणि घाट, इमारती, रेल्वेस्थानक यांची दाणादाण उडाली. पुढच्या काही वर्षांत जहाजे येईनाशी झाली आणि 1872 च्या सुमारास सरकारने बंदराचा नाद सोडला. कंपनी मात्र मेली नाही. नव्या रूपाने तिची पुनर्रचना झाली आणि सुंदरबनातील जमिनी लागवडीस लावणारी जमीनदार म्हणून ती पुढे दीर्घकाळ टिकली. तिचा कारभार मुंबईच्या भागधारकांच्या हाती होता. महानगराचे मालक व्हायला निघालेले लोक भातखाचरांचा खंड गोळा करू लागले.

आता त्याच कॅनिंगला जाणाऱ्या रेल्वेच्या भागधारकांचे काय झाले ते पाहू. बंदरच नाही म्हटल्यावर मालवाहतूक कोठून येणार? रेल्वेच्या पदरात फारसे काही पडत नव्हते. पण हमीच्या करारात एक कलम होते : कंपनीला वाटल्यास ती पूर्वसूचना देऊन सारा मार्ग सरकारच्या हवाली करू शकेल आणि आपले भांडवल परत मागू शकेल. या कलमाचा आधार घेऊन कलकत्ता अँड साउथ ईस्टर्न कंपनीने 1868 मध्ये आपली रेल्वे सरकारच्या पदरात टाकली. भागधारकांना तोवरचे व्याज मिळालेच होते. आता मुद्दलही मिळाले. एकाच गावाच्या भवितव्यावर दोन कंपन्यांनी पैसा लावला होता. गाव बुडाले. एका कंपनीच्या भागधारकांचे हात पोळले, दुसरीचे सुखरूप सुटले, आणि त्यांचा तोटा येथील करदात्याने भरला. दोघांच्याही हाती जो कागद होता त्याला ‘शेअर’ असेच म्हणत. फरक कागदामागच्या कराराचा होता.

सियालदहची पहिली कंपनी, ईस्टर्न बेंगाल रेल्वे, हिचे नशीब याहून चांगले ठरले. ताग, भात, प्रवासी यांची खरीखुरी वाहतूक तिच्याजवळ होती आणि तिचा मार्ग वाढत गेला. 1884 मध्ये सरकारने ती विकत घेतली. अशा खरेदीसाठी हमीच्या करारांत बाजारभावाच्या सरासरीचा आधार घेतलेला असे. म्हणजे जिचे काम चालले तिला बाजारभाव, जिचे चालले नाही तिला दर्शनी किंमत, आणि जिला हमीच नव्हती तिला चिखल. दर्शनी किंमत आणि बाजारभाव यांतला फरक समजावून सांगण्यास याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या अनुभवांतून बाजाराला हळूहळू शिस्त लागत गेली. मुंबईचे दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली जमत. 1875 मध्ये त्यांनी आपली संघटना स्थापन केली. कलकत्त्याचे दलाल एका लिंबाखाली उभे राहून ताग, कोळसा आणि चहा यांच्या कंपन्यांचे भाग विकत. त्यांची संघटना 1908 मध्ये झाली; पुढे तिचा बाजार लायन्स रेंज या रस्त्यावर भरू लागला. स्वातंत्र्यानंतर 1956 मध्ये रोख्यांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला आणि 1992 मध्ये ‘सेबी’ या संस्थेला कायद्याने अधिकार मिळाले. तरीही 2001 च्या मार्चमध्ये कोलकात्याच्या बाजारात दलालांना देणी चुकवता आली नाहीत आणि 1865 ची आठवण पुन्हा एकदा ताजी झाली. सौदे पुढे ढकलत नेणारी ‘बदल्या’ची जुनी पद्धत त्याच वर्षी बंद करण्यात आली. लायन्स रेंजच्या बाजारातील व्यवहार 2013 पासून थांबले आहेत. आज भाग कागदावर नसून संगणकावरील डिमॅट खात्यात असतात आणि रोखीच्या सौद्याची पूर्तता दुसऱ्याच कामाच्या दिवशी होते. पण वायद्याचे सौदे आहेत, भागांच्या तारणावर कर्जे आहेत आणि हातात नसलेल्या पैशाने मोठा सौदा करण्याचा मोह तर पूर्वीइतकाच आहे.

म्हणून नव्या गुंतवणूकदाराने परिभाषा पाठ करताना प्रत्येक शब्दापाशी थोडे थांबावे. हा कागद मला मालक करतो की सावकार? मी आज भरली तेवढीच माझी जबाबदारी, की पुढे आणखी मागणी येऊ शकते? मला जे अधिमूल्य मागितले जात आहे ते चालू असलेल्या कामाचे आहे, की पुढे होऊ घातलेल्या एखाद्या कॅनिंगचे? परताव्याची हमी दिली जात असेल, तर ती कोण देत आहे आणि कोणाच्या पैशातून? कंपनी काढणारा आणि तिला सवलती देणारा यांचे काही नाते आहे काय? आणि तिच्याविषयी एखादा पिडिंग्टन काही सांगत असेल, तर त्याचे पत्र मी वाचले आहे काय? ही उत्तरे माहितीपत्रकात बहुधा असतात. फक्त ती बारीक अक्षरांत आणि शेवटच्या पानांवर असतात.

या कहाणीतून शेअरबाजार म्हणजे केवळ जुगार, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. याच भांडवलावर देशात लोहमार्ग झाले, गिरण्या उभ्या राहिल्या. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणग्यांतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला आणि कलकत्ता विद्यापीठात त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. बंगालमधील विद्वानांना ती मिळणे हा फार मोठा सन्मान मानला जाई. कॅनिंगची रेल्वेही वाया गेली असे म्हणता येत नाही. सियालदहच्या दक्षिणेकडील फलाटांवरून आजही तिकडे लोकलगाड्या सुटतात. त्या सुंदरबनची मासळी आणि भाजी शहरात आणतात, आणि घरकामाला व मजुरीला येणाऱ्या हजारो बायाबापड्यांना पहाटे आणून रात्री परत नेतात. जिने भागधारकांना काही मिळवून दिले नाही, ती रेल्वे दीडशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या उपयोगी पडते आहे. एखादे काम समाजाला उपयुक्त असणे आणि त्यात घातलेला आपला पैसा आपल्याला परत मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे कौतुक अवश्य करावे. पैसा घालताना मात्र दुसरीची चौकशी स्वतः करावी.